जागता कान

माझी आजी रेवसच्या बाजूची. लग्न होऊन ती आमच्या गावी आली, नांदली, नातवंडे खेळवली. पण आषाढातली अमावास्या आली की ती बोलेनाशी होई. दिवे घासूनपुसून पाटावर मांडी, कणकेचे दिवे उकडी, आणि मग ओटीवर येऊन दर्याकडे तोंड करून बसे. आम्ही पोरे भोवती जमलो की एकच हकिकत सांगे. १७ जुलै १९४७ ची. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या आमच्याकडच्या कोळ्यांनी टोपल्या दर्यात रिकाम्या केल्या आणि माणसे होड्यांत ओढून घेतली. पाऊणशेच्या आसपास जीव त्यांनी वाचवले. आजी तेव्हा परकरातली पोर होती. होड्या परत आल्या तेव्हा ती किनाऱ्यावर होती. त्या होड्यांतून काय उतरले हे ती कधी सांगत नसे. तिचा प्रश्न मात्र दरवर्षी तोच असे: "ममईला कसा नाय कलला रं?"

बोट सकाळी बुडाली आणि मुंबई बंदराला दुपारपर्यंत त्याचा पत्ता नव्हता, ही गोष्ट तिच्या मनातून अखेरपर्यंत गेली नाही. मुंबई काय लांब होती? आभाळ निवळ असले की आमच्या किनाऱ्यावरून मुंबईचे दिवे दिसतात. पण 'रामदास'वर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. पोहत-तरंगत कुणी मुंबईच्या धक्क्याला लागले, तेव्हा तिकडे समजले.

गेल्या वर्षी ही हकिकत मी शाळेत सातवीच्या वर्गाला सांगितली. एका मुलाने लगेच विचारले, "गुरुजी, बोटीवर वायरलेस असता तर सगळे वाचले असते ना?" मी 'हो' म्हणून मोकळा झालो. मास्तरांची ही जुनी खोड आहे. तास संपत आला की 'हो' म्हणावे. पण घरी येताना ते उत्तर माझ्या गळ्यात अडकून राहिले. कारण यंत्र असणे निराळे आणि ते कुणाला ऐकू जाणे निराळे. जगातले उत्तमोत्तम बिनतारी यंत्र ज्या जहाजावर होते, त्याच जहाजावरची दीड हजार माणसे बुडाली हे मी वाचले होते. मग त्या मुलाला खरे उत्तर द्यायचे म्हणून मी बसलो, आणि सुटीचे दोन महिने त्यात गेले. ते उत्तर लांबले. म्हणून ते येथे लिहीत आहे.

शास्त्र मी मॅट्रिकपर्यंत शिकलो. तेव्हा यंत्राच्या पोटात शिरण्याचा आव मी आणत नाही. मला जी गोष्ट सांगायची आहे ती यंत्राची नाहीच. ती भाऊबंदकीची आहे, आणि भाऊबंदकी समजायला आपल्याला विलायतेला जावे लागत नाही.

गुल्येल्मो मार्कोनी हा बोलोन्याचा तरुण १८९६ साली इंग्लंडात आला आणि त्याने तारेवाचून संदेश पाठवण्याच्या आपल्या युक्तीचे पेटंट घेतले. वय बावीस. पुढच्याच वर्षी त्याने ब्रिस्टलच्या खाडीपलीकडे संदेश पाठवला आणि कंपनी काढली. आपल्याकडे कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली अशाच अदृश्य लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली होती. पण बोसांना त्यातून धंदा काढायचा नव्हता. मार्कोनीला काढायचा होता, आणि त्यात काही वावगे नव्हते. जमिनीवर तारा होत्याच. त्याच्या युक्तीची खरी गरज होती ती जिथे तार नेताच येत नाही तिथे, म्हणजे समुद्रावर.

गरज किती खरी होती हे लगेच दिसले. इंग्लंडच्या आग्नेयेला गुडविन नावाचे वाळूचे दांडे आहेत. तिथे जहाजे रुतत. त्यांच्या पूर्वेला नांगरून ठेवलेल्या दीपनौकेवर १८९८ च्या डिसेंबरात मार्कोनीचे यंत्र बसवले. मार्च १८९९ मध्ये 'एल्ब' नावाचे जहाज धुक्यात वाळूवर चढले, तेव्हा दीपनौकेने किनाऱ्यावरच्या दीपगृहाला बिनतारी निरोप धाडला आणि रॅम्सगेटहून जीवरक्षक होडी निघाली. महिना-दीड महिना गेला आणि एप्रिलात एक जहाज खुद्द दीपनौकेलाच धडकले. या वेळी तिने स्वतःसाठी मदत मागितली. समुद्रात अडचणीत सापडलेल्या माणसाची हाक किनाऱ्यापर्यंत जाऊ शकते, हे माणसाच्या इतिहासात तेव्हा प्रथम घडले. त्यापूर्वी काय होते ते आपल्या लोकांना ठाऊक आहे. 'वैतरणा' आगबोट, जिला लोक 'वीजळी' म्हणत, ती नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईला निघाली आणि काठेवाडच्या किनाऱ्यापुढे वादळात नाहीशी झाली. ती कुठे बुडाली, केव्हा बुडाली, हे सांगायला कुणी मागे उरले नाही.

आता मार्कोनीच्या धंद्याची रीत पाहा, कारण पुढचे सारे महाभारत तिच्यातून झाले. इंग्लंडात पैसे घेऊन तारा पोचवण्याचा मक्ता पोस्टखात्याचा. तेव्हा कंपनीला संदेशागणिक दाम घेता येईना. कंपनीने तोड काढली: यंत्र विकायचेच नाही, जहाजमालकाला ते भाड्याने द्यायचे, आणि यंत्राबरोबर चालवणारा माणूसही आपलाच द्यायचा. किनाऱ्यावरची केंद्रेही आपलीच बांधायची. म्हणजे आपला माणूस आपल्याच माणसाशी बोलतो. यात सरकारच्या मक्त्याला बाध कुठे येतो? म्हणून जहाजावरचा तारमास्तर कप्तानाच्या जेवणाच्या मेजाजवळ बसला तरी चाकर कंपनीचा. आणि या चाकराला कंपनीची सक्त ताकीद अशी, की दुसऱ्या कंपनीचे यंत्र असलेल्या जहाजाशी, संकटाची वेळ सोडून, बोलायचे नाही. १९०१ मध्ये लॉइड्स या विख्यात विमामंडळींशी चौदा वर्षांचा करार झाला, त्यातही हीच अट घातली गेली.

कंपनीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. किनाऱ्या-किनाऱ्यावर मनोरे उभारायला पैसा कुणाचा गेला? तिचा. माणसे कुणी शिकवली? तिने. आणि आता कालपरवा उगवलेल्या जर्मन कारखान्याचे यंत्र घेऊन कुणी यावे आणि तिच्या मनोऱ्यांवर फुकट पाणी भरावे, हे तिला मानवले नाही. शिवाय तेव्हाची यंत्रे ठिणगीची. त्यांच्यातून निघणारी लहर रुंद आणि धसमुसळी. एकाने सुरू केले की आसपासच्या चारांचे बोलणे बुडे. सारी यंत्रे एका हाताखाली असतील तरच शिस्त राहील, असे कंपनी म्हणे. हे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण विहीर मी खणली हे खरे असले, तरी तहानलेल्याला दोर देताना त्याचा पोहरा कोणत्या दुकानचा हे विचारत बसणे माणसाला शोभत नाही.

१९०२ साली याचा मोठा गाजावाजा झाला. जर्मन कैसरचा भाऊ राजपुत्र हाइनरिख अमेरिकेची भेट आटोपून 'डॉइचलांड' जहाजाने परत निघाला. पाहुणचाराबद्दल राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना जहाजावरून आभाराचा निरोप धाडावा, अशी त्याची इच्छा. पण जहाजावरचे यंत्र जर्मन बनावटीचे, आणि किनाऱ्यावरचे केंद्र मार्कोनीचे. निरोप घेतला गेला नाही. राजपुत्राचा मान गेला आणि कैसर संतापला. पुढच्याच वर्षी दोन जर्मन कारखान्यांचा बिनतारीचा व्यवसाय एकत्र करून 'टेलिफुंकेन' कंपनी उभी राहिली, आणि त्याच वर्षी बर्लिनला नऊ राष्ट्रांची परिषद बसली. इतिहासात असे पुष्कळदा होते. शेकडो खलाशी बुडाले तरी जे जागचे हलत नाही, ते एका राजपुत्राच्या रुसव्याने हलते.

१९०३ च्या त्या परिषदेत प्रश्न एकच होता: कोणाचेही यंत्र असो, जहाजाने आणि किनाऱ्याने एकमेकांचे संदेश घेतलेच पाहिजेत की नाही? इंग्लंड आणि इटली अडून बसले. तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९०६ मध्ये, बर्लिनलाच मोठी परिषद होऊन करारनामा झाला, आणि तो १ जुलै १९०८ पासून अमलात आला. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कथेला लागतात. किनाऱ्यावरच्या केंद्राने यंत्राची जात न पाहता जहाजाचा संदेश घेतला पाहिजे. सार्वजनिक कामाला तीनशे आणि सहाशे मीटर अशा दोनच लहरी, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेले दोन पाणवठे. आणि संकटाची खूण सर्वांची एक: तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे. हीच 'एस् ओ एस्'. तिचा 'आमचे जीव वाचवा' असा इंग्रजी अर्थ लोकांनी मागाहून लावला. मुळात त्या अक्षरांना अर्थच नाही. कानाला चटकन ओळखू यावी म्हणून ती निवडली. मार्कोनीची माणसे मात्र आपली 'सी क्यू डी' ही १९०४ पासूनची खूणच वाजवत राहिली. घरच्या देवाचा नवस सुटत नाही तसे.

करारनामा झाला, पण त्यात दोन भगदाडे राहिली. जहाजाने जहाजाशी बोललेच पाहिजे, ही सक्ती मूळ करारात आली नाही. ती वेगळ्या पुरवणीत टाकली, आणि ज्यांना ती नको होती त्यांनी पुरवणीवर सही केली नाही. दुसरे भगदाड याहून मोठे, आणि ते कुणाच्या ध्यानातच आले नाही. लहर सामाईक केली, खूण सामाईक केली. पण ऐकायला कुणी जागे राहायचे, हे कुठेच लिहिले नाही.

ध्यानात का आले नाही, यालाही कारण आहे. जानेवारी १९०९ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ धुक्यात 'रिपब्लिक' आणि 'फ्लॉरिडा' या जहाजांची टक्कर झाली. 'रिपब्लिक'वरच्या जॅक बिन्स या तारमास्तराने मोडक्या खोलीत, थंडीत बसून हाक दिली. 'बाल्टिक' जहाज धावून आले, आणि टकरीत गेलेले मोजके जीव सोडता दोन्ही जहाजांवरची सारी माणसे, सुमारे दीड हजार, वाचली. बिन्सचा जगभर जयजयकार झाला. पुढच्या वर्षी अमेरिकेने कायदा केला, की पन्नास किंवा अधिक माणसे नेणाऱ्या जहाजावर बिनतारी यंत्र हवेच. लोकांना वाटले, झाले! समुद्राचे भय गेले. एखादी युक्ती पहिल्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवून पास झाली, की पुढच्या परीक्षेचा अभ्यास कुणी करत नाही. हे मी शाळेत नेहमी पाहतो.

आता १४ एप्रिल १९१२ ची रात्र. 'टायटॅनिक'ची गोष्ट वाचकांनी शंभरदा ऐकली असेल, चित्रपटही पाहिला असेल. मी फक्त त्यातल्या तारमास्तरांच्या खोलीकडे बोट दाखवणार आहे. तिथे दोन तरुण होते: जॅक फिलिप्स, वय पंचवीस, आणि हॅरॉल्ड ब्राइड, वय बावीस. यंत्र तेव्हाच्या समुद्रावरच्या सर्वांत दमदार यंत्रांपैकी एक. पण ते आदल्या दिवशी बिघडले होते. दोघांनी रात्र जागून दुरुस्त केले, आणि तोवर उतारूंच्या खाजगी निरोपांचा ढीग साचला. 'खुशाल आहे', 'बुधवारी भेटू', असलेच निरोप. पण त्यांचे दाम मोजलेले होते. रविवारी रात्री फिलिप्स न्यूफाउंडलंडच्या केप रेस केंद्राला हे ढीगभर निरोप ऐकवत बसला होता.

दिवसभर पुढच्या जहाजांकडून बर्फाच्या सूचना येत होत्या. काही कप्तानापर्यंत गेल्या. रात्री 'मेसाबा' जहाजाची एक मोठी स्पष्ट सूचना आली, ती बहुधा खोलीतच राहिली. आणि अकराच्या सुमारास जवळच्याच 'कॅलिफोर्नियन' जहाजाचा एकटा तारमास्तर, वीस वर्षांचा सिरिल इव्हान्स, मध्येच बोलला: आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत. तो इतका जवळ होता की त्याच्या ठिणगीने फिलिप्सच्या कानाचे पडदे फाटायची वेळ आली. शिवाय कप्तानाकडून कप्तानाला जाणाऱ्या कामकाजी संदेशाची जी खूण आधी वाजवायची, ती इव्हान्सने वाजवली नाही. मित्राशी बोलावे तसा बोलला. फिलिप्सने त्याला गप्प बस म्हणून फटकारले. मी केप रेसशी कामात आहे, असे सांगितले.

यात फिलिप्सला दोष द्यावा असे मला वाटत नाही. तो उद्धट नव्हता, थकलेला होता. पण पाहा, एकच लहर. तिच्यावरून उतारूची ख्यालीखुशालीही जाणार आणि बर्फाचा धोकाही जाणार. कोणी आधी बोलायचे याचा नियम नाही. असला तर तो दोन पोरांच्या समजुतीवर. गावचा एकच रस्ता, त्यावरून वरातही चालली आहे आणि आग विझवायचा बंबही. वरातवाल्याला शिव्या देऊन काय उपयोग? बंबाला वाट कुणी ठेवायची, हे आधी ठरवायला हवे होते.

इव्हान्सने थोडा वेळ ऐकले, आणि साडेअकराच्या सुमारास कानांवरचे यंत्र उतरवून तो झोपला. सकाळपासून तो एकटाच कामावर होता; त्याच्या जागी बसायला दुसरा माणूस जहाजावर नव्हता. अकरा चाळीसला 'टायटॅनिक' हिमनगावर घासली.

'कॅलिफोर्नियन' किती लांब होती यावर विद्वानांचे आजही एकमत नाही; कुणी पाच-सात मैल म्हणतात, कुणी वीस. पण तिच्या डेकवरून पहारेकऱ्यांनी आकाशात पांढरे बाण फुटताना पाहिले. कप्तानाला सांगितले. दिव्याने खुणा करून पाहिल्या. सगळे केले; एक गोष्ट केली नाही. चार पावलांवर झोपलेल्या इव्हान्सला कुणी उठवले नाही. पहाटे साडेपाचच्या सुमारास त्याला उठवले. त्याने यंत्र कानाला लावून विचारणा केली, तेव्हा 'टायटॅनिक' रात्रीच बुडाल्याची बातमी त्याला मिळाली. ती सांगणाऱ्यांत 'फ्रँकफुर्ट' हे जर्मन जहाज होते.

या 'फ्रँकफुर्ट'चा उल्लेख मुद्दाम केला. रात्री 'टायटॅनिक'ची हाक पहिल्याने ऐकणाऱ्यांत ते होते. त्याच्या तारमास्तराला नीट उमगले नाही, त्याने थोड्या वेळाने पुन्हा काय झाले म्हणून विचारले, आणि फिलिप्सने त्याला मूर्ख म्हणून दूर राहायला सांगितले. पुढे अमेरिकेच्या सिनेटच्या चौकशीत विल्यम आल्डन स्मिथ यांनी हा मुद्दा खोदखोदून विचारला: हा राग कंपनी-कंपनीतल्या वैराचा तर नव्हता? कंपनीने नाही म्हटले. मलाही तसे खात्रीने म्हणवत नाही. 'फ्रँकफुर्ट' दीडशे मैलांच्या आसपास होते. ते वेळेवर पोचलेच नसते. पण दहा वर्षे ज्यांना शेजाऱ्याशी बोलू नका म्हणून शिकवले, त्यांना शेवटच्या दोन तासांत शेजाऱ्याची बोली सरावाची होत नाही, एवढे मला कळते.

मग वाचले ते कसे? सातशेंवर माणसे होड्यांत उतरली होती. ती थंडीने मेली नाहीत, कारण अठ्ठावन्न मैलांवर 'कार्पेथिया' जहाज होते. त्यावरही तारमास्तर एकच: हॅरॉल्ड कॉटम, वय एकवीस. त्याची झोपायची वेळ होऊन गेली होती. कपडे उतरवता उतरवता कानावर यंत्र तसेच राहिले होते. दुसऱ्या एका निरोपाची वाट पाहत होता. मनात आले, 'टायटॅनिक'साठी किनाऱ्याकडे निरोप साचले आहेत, सांगावे. सहज म्हणून त्याने हाक घातली, आणि उत्तर आले: ताबडतोब या, आम्ही हिमनगावर आदळलो आहोत. कप्तान रॉस्ट्रन यांनी तत्काळ जहाज वळवले. बर्फातून वाट काढत पहाटे चारच्या सुमारास ते पोचले. कॉटमने यंत्र दहा मिनिटे आधी उतरवले असते तर? माझ्या हातून हे वाक्य लिहिले जात असताना आजीचा चेहरा समोर येतो. सातशे जीव त्या रात्री एका पोराच्या सवडीवर लोंबकळत होते.

फिलिप्स शेवटपर्यंत हाका देत राहिला. आधी 'सी क्यू डी', मग 'एस् ओ एस्'. तो वाचला नाही. ब्राइड वाचला, आणि पाय जायबंदी असताना 'कार्पेथिया'वर कॉटमच्या मदतीला बसला.

दुसऱ्या दिवशी आणखी एक विपरीत घडले. किनाऱ्यावरची हौशी मंडळी, वर्तमानपत्रे, जहाजे, सगळी त्याच लहरीवर तुटून पडली. कुणाचे अर्धे वाक्य कुणाच्या अर्ध्या वाक्याला चिकटले, आणि काही वर्तमानपत्रांत छापून आले की सर्व उतारू सुखरूप आहेत, जहाज ओढत हॅलिफॅक्सला नेत आहेत. ते वाचून किती घरांत हायसे वाटले असेल, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरांत काय झाले असेल! आपल्याकडे 'रामदास'च्या वेळी बातमी आलीच नाही. तिथे आली ती खोटी आली. दोहोंत बरे कोणते, मला सांगता येणार नाही.

यानंतरची कामे झपाट्याने झाली. त्याच वर्षी जून-जुलैमध्ये लंडनला परिषद भरली. मार्कोनी कंपनीने हट्ट सोडला. जहाजाने जहाजाशी, यंत्र कोणाचेही असो, बोललेच पाहिजे असे ठरले. ऑगस्टमध्ये अमेरिकेने कायदा करून प्रत्येक केंद्राला परवाना सक्तीचा केला आणि हौशी मंडळींना दोनशे मीटरच्या आतल्या, तेव्हा निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या लहरींवर हाकलले. (त्या टाकाऊ आखूड लहरीच दूरवर पोचतात, हे पुढे याच हौशी मंडळींनी दाखवून दिले. हद्दपार केलेल्या धाकट्या भावाला पडीक जमीन द्यावी आणि तिथेच पाणी लागावे, तशातली गत.) आणि २० जानेवारी १९१४ रोजी लंडनला समुद्रावरच्या जीविताच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. मोठ्या उतारू जहाजांवर रात्रंदिवस ऐकण्याचा पहारा. जहाजाची मुख्य वीज गेली तरी काही तास चालेल असे वेगळे आपत्कालीन यंत्र, तेही शक्य तितके उंचावर. हिमनगांवर नजर ठेवणारी गस्त, तिचा खर्च राष्ट्रांनी वाटून घ्यायचा. लगेच महायुद्ध पेटल्याने तो करार जसाच्या तसा अमलात आला नाही. पण त्यातली कलमे मेली नाहीत, पुढच्या प्रत्येक करारात ती उतरत गेली.

रात्रंदिवस पहारा म्हणजे तीन माणसांचा पगार. लहान मालवाहू जहाजांचे मालक कुरकुरले, आणि त्यांचे अगदीच चुकले असे नाही. तेव्हा झोपलेल्या तारमास्तराच्या जागी यंत्रालाच जागे ठेवण्याची युक्ती निघाली. प्रत्येकी चार सेकंदांच्या बारा लांब रेघा, मध्ये एकेक सेकंदाची उसंत. एवढी खूण लागोपाठ कानी पडली की यंत्र आपोआप घंटा वाजवी आणि माणूस उठे. इव्हान्सच्या उशाशी अशी घंटा असती तर!

आणि या साऱ्यांत मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे बिनतारी खोलीतले घड्याळ. पूर्वीच्या जहाजांतले असे एक घड्याळ मी चित्रात पाहिले. तबकडीवर पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस या मिनिटांच्या जागी लाल रंगाच्या दोन फाका. तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटे, सहाशे मीटरच्या लहरीवर कुणीही बोलायचे नाही; जगातल्या साऱ्या समुद्रांवरच्या साऱ्या जहाजांनी हात थांबवायचे आणि फक्त कान द्यायचे. कुणी क्षीण आवाजात, संपत आलेल्या विजेवर हाक घालत असेल तर ती ऐकू यावी म्हणून. मालाचे भाव, भाड्याच्या तारा, मालकांचे हुकूम, सारे त्या तीन मिनिटांपुरते थांबे. कैसर आणि कंपनी एका पंगतीला बसायला तयार नव्हते, तेव्हापासून येथवर यायला फार वर्षे लागली नाहीत; मधे दीड हजार माणसे मात्र गेली.

ती लहर आता निवृत्त झाली. फ्रान्सच्या नौदलाने ३१ जानेवारी १९९७ रोजी तिच्यावरचा पहारा उठवला, आणि १ फेब्रुवारी १९९९ पासून जगभर उपग्रहांची नवी व्यवस्था पुरती लागू झाली. बुडत्या नावेवरची पेटी आपोआप उपग्रहाला हाक देते. अनेक देश मिळून ते उपग्रह आणि जमिनीवरची केंद्रे चालवतात, आणि आपल्या देशाची केंद्रे बंगळूर व लखनौला आहेत. लखनौला समुद्र नाही, पण दर्यातल्या माणसाची हाक तिथे ऐकली जाते, हे वर्गात सांगितले तेव्हा पोरे हसली.

सुटी संपता संपता मी रेवसला जाऊन आलो. आजीच्या माहेरच्या नात्यातले एक तांडेल आहेत, साठीचे. मी त्यांना काका म्हणतो. त्यांच्या होडीवर छोटेसे रेडिओयंत्र आहे, खाऱ्या वाऱ्याने कडा गंजलेले. मी विचारले, हे कुठे लावून ठेवता? ते म्हणाले, "सोलावर, मास्तर. दर्यान असल्यावर सोलावरच." सोळा नंबरची वाट ही जगभरच्या जहाजांची हाक मारायची आणि संकटाची सामाईक वाट आहे, हे मी पुस्तकात वाचले होते, त्यांना ते पुस्तकावाचून ठाऊक होते. मी म्हटले, जरा बोलून दाखवा ना. त्यांनी मान हलवली. पलीकडच्या होडीवरच्या पुतण्याला सोळावर नुसती हाक दिली, दुसरा नंबर सांगितला, बटण फिरवून तिथे जाऊन मासळीच्या भावाचे दोन शब्द बोलले, आणि यंत्र पुन्हा सोळावर आणून ठेवले. खरखर चालू होती. मग आम्ही चहा घेतला आणि फाटलेल्या जाळ्याविषयी बोलत बसलो. मधूनमधून त्यांचे डोळे त्या पेटीकडे जात होते.